खवळलेल्या समुद्रात प्लॅटफॉर्म टिकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचा किंवा पवनचक्क्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती मीटरची लाट झेलेल?” विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. तसा आकडा कोणी बेधडक सांगितला, तर जरा सावध व्हावं. एकाच उंचीच्या दोन लाटांपैकी एक बांधकामाला नुसती घासून जाते आणि दुसरी त्याची वाट लावते, असं घडू शकतं. का, ते खाली येईलच.

तपासणीत नेमकं काय बघतात?

तीन गोष्टी. त्या जागी समुद्र किती टोकाला जाऊ शकतो, त्या समुद्राचा बांधकामावर किती भार येतो, आणि तो भार बांधकाम पेलतं का. ऐकायला सरळ वाटतं, पण तिन्ही ठिकाणी अंदाज गुंतलेले असतात आणि एका ठिकाणची चूक पुढे वाढत जाते. माझ्या मते सगळ्यात नाजूक जागा पहिली आहे. पोलाद कसं वागतं हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत असतं. समुद्राचं तसं नाही.

“शंभर वर्षांची लाट” शंभर वर्षांतून एकदाच येते ना?

नाही. कोणत्याही एका वर्षात तेवढी किंवा त्याहून मोठी लाट येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. लागोपाठ दोन वर्षं आली तरी गणिताला धक्का लागत नाही. २५ वर्षं उभ्या राहणाऱ्या प्लॅटफॉर्मला ती लाट निदान एकदा भेटण्याची शक्यता साधारण २२ टक्के निघते, म्हणजे जवळपास पाचात एक. म्हणून शंभर वर्षांच्या लाटेला बांधकामाने काहीही न वाकता-मोडता तोंड द्यावं, अशी अपेक्षा असते.

त्यापलीकडे दहा हजार वर्षांची लाट. तिची २५ वर्षांतली शक्यता पाव टक्का. नॉर्वेच्या नियमांत ही दुसरी पायरी स्पष्ट घातलेली आहे: इथे काही भाग वाकले, तुटले तरी चालतील, पण सगळं कोसळता कामा नये. दोन्ही पायऱ्या तपासलेल्या बऱ्या. एकाच पायरीवर थांबलेला हिशेब अर्धवट असतो.

नोंदी तर काही दशकांच्याच आहेत. मग दहा हजार वर्षांची लाट काढता कुठून?

रास्त शंका आहे. बोयांवरची, म्हणजे तळाला दोराने बांधलेल्या तरंगत्या यंत्रांवरची, मोजमापं बहुतेक ठिकाणी फार तर काही दशकांची असतात, आणि नेमक्या मोठ्या वादळात बोया बंद पडलेला किंवा दोर तुटून वाहून गेलेला असतो. म्हणून जुन्या हवामान नोंदींवरून वाऱ्याचं चित्र पुन्हा उभं करतात आणि त्यावरून संगणकावर लाटा काढतात. याला हाइंडकास्ट म्हणतात. युरोपीय हवामान केंद्राची ईआरए५ ही मालिका १९४० पर्यंत मागे जाते. मात्र अशा जगभराच्या जाळ्यात वादळाचा ऐन टोकाचा क्षण बोथट होतो, म्हणून स्थानिक मोजमापाशी ताडून दुरुस्ती करावीच लागते.

मग एका ठरावीक उंचीच्या वरची वादळं वेगळी काढून त्यांना वायबुल, गम्बेल यांसारखी वितरणं, म्हणजे संख्याशास्त्रातली ठरावीक सूत्रं, बसवतात आणि रेघ पुढे ओढतात. पुढे ओढलेल्या या रेघेवर माझा विश्वास बेताचाच आहे. कुठलं वितरण निवडलं, उंबरठा कुठे ठेवला, यावरून उत्तर सहज दोन-तीन मीटरने हलतं. चांगल्या अहवालात या अनिश्चिततेचा पट्टा दाखवलेला असतो. नुसता “१५.३ मीटर” असा दशांशासकट आकडा दिसला की समजावं, लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला निश्चिंत करायचं ठरवलंय.

चक्रीवादळाच्या पट्ट्यात आणखी एक अडचण असते. एखाद्या जागेवरून वादळाचा गाभा गेल्या चाळीस वर्षांत गेलाच नसेल, पण शंभर किलोमीटरवरून गेलेला असेल. तिथे एकाच बिंदूच्या नोंदींवर विसंबणं म्हणजे नशिबाला नियम समजणं. आसपासच्या जागांच्या नोंदी एकत्र घेतात किंवा हजारो कृत्रिम वादळं संगणकात सोडतात.

बातमीत “१२ मीटरच्या लाटा” म्हणतात. म्हणजे सगळ्यात मोठी लाट १२ मीटर?

तिथेच घोटाळा होतो. तो आकडा बहुधा सिग्निफिकंट वेव्ह हाइटचा असतो: सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. तीन तासांच्या वादळात साधारण हजार लाटा येतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी या आकड्याच्या सुमारे १.८६ पट असते. १२ मीटरच्या समुद्रात २२ मीटरची लाट ही नेहमीची गोष्ट झाली, त्यात चमत्कार काही नाही.

मग राक्षसी लाटा म्हणजे काय? त्या खऱ्या असतात का?

खऱ्या असतात. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या ड्राउप्नर प्लॅटफॉर्मवर खाली तोंड करून बसवलेल्या लेझरने एक लाट टिपली. तळापासून माथ्यापर्यंत उंची २५.६ मीटर, आणि शांत पाण्याच्या पातळीपासून माथा १८.५ मीटर. तेव्हा सिग्निफिकंट हाइट होती १२ मीटरच्या आसपास. त्याआधी खलाशांच्या गोष्टी होत्या, पण यंत्राने नोंदवलेला इतका ठोस पुरावा नव्हता.

सर्वसाधारण व्याख्या अशी: सिग्निफिकंट हाइटच्या दुपटीहून उंच लाट, किंवा सव्वापटीहून उंच माथा. साध्या सांख्यिकीप्रमाणे दुपटीची लाट सुमारे ३,००० लाटांत एकदा येते, म्हणजे तीच फार दुर्मीळ म्हणता येत नाही. ड्राउप्नरचं वैशिष्ट्य उंचीपेक्षा माथ्यात आहे. १८.५ भागिले १२, म्हणजे दीडपटीहून जास्त. साध्या गणिताला हे पटत नाही. २०१९ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या फ्लोवेव्ह या गोल टाकीत ती लाट पुन्हा उभी केली, तेव्हा दिसलं की १२० अंशांच्या कोनात दोन लाटांचे समूह एकमेकांवर आले तर माथा फुटण्याआधी तितका उंच जाऊ शकतो. एकाच दिशेच्या लाटा त्या उंचीपर्यंत पोचायच्या आत फुटून जातात.

आणि प्लॅटफॉर्मचं काय झालं? फारसं काही नाही. किरकोळ नुकसान, तेही खालच्या बाजूच्या तात्पुरत्या सामानाचं. जवळपास २६ मीटरची लाट आली आणि मुख्य डेक, म्हणजे माणसं-यंत्रं असलेला वरचा मजला, कोरडा राहिला. सुरुवातीला म्हटलं ते हेच.

म्हणजे उंचीपेक्षा माथा महत्त्वाचा?

उभ्या, तळाला धरलेल्या बांधकामाच्या बाबतीत, हो. सगळ्या तपासणीतला एकच आकडा बघायची मुभा असेल तर मी एअर गॅप बघेन: लाटेचा माथा आणि डेकची खालची बाजू यांमधलं अंतर.

कारण साधं आहे. जॅकेट म्हणजे नळ्यांची जाळीदार पोलादी चौकट. पाणी तिच्यातून आरपार जातं. डेक मात्र बंदिस्त असतो, त्यावर यंत्रं, भिंती, टाक्या. माथा तिथे एक-दोन मीटर जरी घुसला तरी भार एकदम उडी मारतो, शिवाय तो वर लागत असल्याने तळाशी पलटवणारं बल त्याहून वेगाने वाढतं. खालून वर ढकलणारा जोर निराळाच. अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या (एपीआय) जुन्या नियमांत माथा आणि डेकमध्ये निदान दीड मीटर जागा ठेवायला सांगितलं होतं.

२००५ साली मेक्सिकोच्या आखातात कट्रिना आणि रिटा या चक्रीवादळांत मिळून शंभराहून जास्त प्लॅटफॉर्म नष्ट झाले. त्यांत जुने, ठेंगण्या डेकचे प्लॅटफॉर्म भरपूर होते.

एअर गॅप कायमची नसते, हेही लक्षात घ्यावं. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात तेल-वायू काढल्यावर खालचा चुनखडीचा थर दबत गेला आणि समुद्रतळ खचला. प्लॅटफॉर्म जसेच्या तसे उभे होते, फक्त पाण्याच्या जवळ आले होते. १९८७ मध्ये डेक जॅक लावून ६ मीटर उचलावे लागले.

लाटेचा जोर प्रत्यक्षात किती असतो?

सडपातळ नळ्यांसाठी १९५० साली मांडलेलं मॉरिसनचं समीकरण आजही वापरतात. त्याचे दोन भाग: पाण्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असलेलं ड्रॅग (वाहत्या पाण्याची ओढ), आणि प्रवेगावर अवलंबून असलेलं इनर्शिया (जडत्वाचं बल).

एक उदाहरण करून बघू. मोठ्या लाटेच्या माथ्याजवळ पाणी सेकंदाला ८ मीटर वेगाने चाललंय असं धरा. नळीचा व्यास १ मीटर, पृष्ठभाग गुळगुळीत, ड्रॅग गुणांक ०.६५. दर मीटर लांबीवर सुमारे २१ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून थोडा जास्त भार येतो. आता त्याच नळीवर शिंपले-शेवाळाचा १० सेंटिमीटरचा थर बसू द्या. व्यास झाला १.२ मीटर. पृष्ठभाग खडबडीत झाला म्हणून गुणांक १.०५ घ्यायचा. भार ४१ किलोन्यूटनच्या पुढे जातो. लाट तीच, नळी तीच, भार जवळजवळ दुप्पट. शेवाळ खरवडण्याचा खर्च वायफळ वाटणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा.

वर्गाचा परिणामही ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की ड्रॅग चौपट. म्हणून लाटेसोबतचा प्रवाह “छोटा” म्हणून सोडून देता येत नाही. ८ च्या जागी ९ झाले, तरी भार सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो.

जाड खांबांना हेच समीकरण चालतं का?

नाही. व्यास लाटेच्या लांबीच्या पाचव्या भागाच्या आसपास गेला की खांब लाटेलाच वळवू लागतो. मग डिफ्रॅक्शनचं गणित लागतं. खोल पाण्यात १२ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २२५ मीटर असते. यावरून मोठ्या काँक्रीट बांधकामांना वेगळी पद्धत का लागते ते कळेल.

पुशओव्हर अॅनालिसिस म्हणजे काय?

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

संगणकातल्या मॉडेलवर आधी डेकचं वजन आणि पाण्याचं उत्प्लावन लावायचं. मग एका दिशेने शंभर वर्षांच्या लाटेचा भार लावायचा आणि तो पायरीपायरीने वाढवत न्यायचा. १.१ पट, १.२ पट, १.३ पट. कुठेतरी पहिली ब्रेस, म्हणजे पायांना जोडणारी तिरकी नळी, दाबाखाली बकल होते, म्हणजे बाजूला वाकते. नेहमीच्या डिझाइनच्या नियमांप्रमाणे इथेच “नापास” शिक्का बसतो. पण प्लॅटफॉर्म अजून उभा असतो. फुल्लीच्या आकाराच्या ब्रेसिंगमध्ये दाबाखालची ब्रेस गेली की ताणाखालची जोडीदार भार उचलते. आलेख थोडा वाकतो, पण चढत राहतो. के आकाराच्या ब्रेसिंगमध्ये असा जोडीदार नसतो. एक गेली की भार थेट पायांच्या वाकण्यावर येतो आणि आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. कागदावर सारखीच ताकद असलेल्या दोन चौकटी इथे पूर्णपणे वेगळ्या वागतात.

कोसळण्याआधीचा सर्वोच्च भार भागिले शंभर वर्षांच्या लाटेचा भार, हे झालं रिझर्व्ह स्ट्रेंग्थ रेशो. २ आला तर बहुतेक जण खूश होतात.

इथे एक सापळा आहे. आपण वाढवला तो भार. लाटेची उंची तीच ठेवली. खऱ्या समुद्रात भार वाढतो तो लाट उंच झाल्यामुळे, आणि लाट उंच झाली की माथा वर जातो. ड्रॅगचं राज्य असलेल्या जॅकेटवर भार ढोबळमानाने उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे रेशो २ याचा अर्थ उंचीत सुमारे ४१ टक्के जास्त. उत्तर समुद्रासारख्या ठिकाणी दहा हजार वर्षांची लाट शंभर वर्षांच्या लाटेहून साधारण पाव हिश्श्याने उंच असते, मग निर्धास्त व्हायला काय हरकत? हरकत ही की तेवढ्या वाढीत माथा डेकला लागत असेल, तर तो २ हा आकडा भलत्याच भाराचं उत्तर आहे. म्हणून लाटेची उंचीच टप्प्याटप्प्याने वाढवून, डेकवरचा भार धरून, पुन्हा पुशओव्हर करावा. चक्रीवादळाच्या पट्ट्यात तर नक्कीच, कारण तिथे शंभर आणि दहा हजार वर्षांच्या लाटांमधला फरक आणखी मोठा असतो.

बांधकाम थरथरतं, त्याचा हिशेब धरतात का?

नैसर्गिक आवर्तकाल, म्हणजे बांधकामाच्या स्वतःच्या एका झोक्याला लागणारा वेळ, ३ सेकंदांच्या वर गेला की धरावाच लागतो. टेन्शन लेग प्लॅटफॉर्म (ताणलेल्या दोरांनी तळाला बांधलेले तरंगते प्लॅटफॉर्म) आणि खोल पाण्यातल्या काँक्रीट मनोऱ्यांत रिंगिंग नावाचा प्रकार दिसतो: एका तीव्र चढाच्या लाटेने टोला दिला की घंटेसारखं कंपन सुरू होतं आणि लाट निघून गेल्यावरही चालू राहतं. साध्या रेषीय गणितात ते दिसतच नाही.

तरंगत्या बांधकामांचं काय? ती तर लाटेबरोबर वर-खाली होतात.

होतात, आणि म्हणूनच सेमी-सबमर्सिबलचा (अर्धवट पाण्यात बुडवून तरंगत ठेवलेल्या रिगचा) उभ्या हालचालीचा आवर्तकाल मुद्दाम २० सेकंदांच्या वर ठेवतात, बहुतेक लाटांच्या पलीकडे. पण इथे धोका बहुधा भलत्याच कोपऱ्यातून येतो.

१५ फेब्रुवारी १९८२ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ ओशन रेंजर हे असंच एक रिग बुडालं, ८४ जण गेले, कोणीही वाचलं नाही. मुख्य सांगाडा लाटेने मोडलेला नव्हता. बॅलास्ट (तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेलं पाणी) नियंत्रण कक्षाची काच फुटली, खारं पाणी नियंत्रण पॅनलवर गेलं आणि पुढे तोल सावरता आला नाही. ३० डिसेंबर २०१५ रोजी उत्तर समुद्रातल्या ट्रोल क्षेत्रात सीओएसएल इनोव्हेटर या रिगवर लाट आडवी आदळली, खिडक्या फुटल्या, एकाचा जीव गेला. रिग तरंगतच होती. सांगाड्याच्या तपासणीत खिडक्या, दारं, केबलची भोकं बऱ्याचदा येत नाहीत, कारण ती “दुसऱ्या विभागाची” असतात. ही विभागणी मला कधीच पटलेली नाही.

संगणक एवढे पुढे गेले, तरी टाकीतल्या चाचण्या का?

फुटणाऱ्या लाटेचा मारा संगणकाला अजूनही जड जातो. पाण्यात हवा मिसळते, दाब मिलिसेकंदांत चढतो-उतरतो, आणि दर वेळी वेगळा येतो. टाकीत तोच प्रसंग वीस-तीस वेळा घडवून उत्तरांचा पसारा बघता येतो.

५० पट लहान मॉडेल केलं तर वेळ सुमारे ७ पट आकुंचन पावते आणि बल १,२५,००० पट. म्हणजे मॉडेलवर एक न्यूटनची चूक झाली की खऱ्या बांधकामावर साडेबारा टनांची झाली. शिवाय गुरुत्वाकर्षणाचं प्रमाण राखलं की चिकटपणाचं बिघडतं, त्यामुळे बारीक नळ्यांचं ड्रॅग टाकीत नीट उतरत नाही. जाळीदार जॅकेटसाठी म्हणून टाकीपेक्षा गणित बरं, आणि डेकखालच्या धक्क्यासाठी गणितापेक्षा टाकी.

टोकाची लाट झेलली म्हणजे धोका टळला का?

नाही. वर्षभरात सुमारे ५० लाख लाटा येतात. प्रत्येक लाट वेल्डच्या टोकाशी थोडा ताण देऊन जाते. हा ताणाचा चढउतार दुप्पट झाला की सांध्याचं आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येतं.

अलेक्झांडर किलँड या निवासी रिगचं २७ मार्च १९८० रोजी हेच झालं. एका ब्रेसवर हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) बसवण्यासाठी तुकडा जोडला होता, ६ मिलिमीटरच्या वेल्डने. तडा तिथून सुरू झाला, ब्रेस तुटली, मग एक अख्खा पाय निखळला. १२३ माणसं गेली. त्या संध्याकाळी समुद्र खवळलेला होता, पण शंभर वर्षांच्या लाटेच्या जवळपासही नव्हता. तडे गेलेल्या ब्रेसेस तशाच धरून पुशओव्हर पुन्हा करावा, असं म्हणतात ते यासाठी.

जुन्या प्लॅटफॉर्मचं पुन्हा मूल्यांकन कसं करतात?

आधी नकाशावरचा प्लॅटफॉर्म विसरायचा. पाण्याखाली रोबो पाठवून गंज, डेंट, पाणी शिरलेल्या नळ्या, शेवाळाची जाडी मोजायची. तळाची माती पाइलभोवती (तळात ठोकलेल्या खांबांभोवती) किती उकरली गेली ते बघायचं. नंतर वाढवलेली यंत्रं, पाइप यांचं वजन धरायचं, कारण ते नेहमी वाढलेलंच असतं. एक सोपी कसोटी फार उपयोगी पडते: प्रत्यक्ष मोजलेली नैसर्गिक वारंवारता मॉडेलशी जुळते का? जुळत नसेल तर पुढचे सगळे निकाल बाजूला ठेवून आधी मॉडेल दुरुस्त करा.

समुद्रातल्या पवनचक्क्यांना हेच नियम लागतात?

पद्धत तीच, मापं वेगळी. तिथे सहसा ५० वर्षांची लाट धरतात. पण उथळ पाणी असल्याने लाटा फुटतात, आणि एकाच जाड नळीवर फुटणारी लाट आदळली तर भाराला दुसरी वाट उरत नाही. शेकडो सारखे मनोरे एकाच वादळात असतात, म्हणून एका रचनेतली चूक शेकडोंनी गुणली जाते.

हवामान बदलामुळे जुने आकडे बाद झाले का?

सगळीकडे सारखे नाहीत. १९८५ पासूनच्या उपग्रह नोंदींत दक्षिण महासागरात टोकाच्या लाटा वाढताना दिसतात, इतरत्र चित्र मिश्र आहे. समुद्रपातळी मात्र चढतेच आहे, आणि ती थेट एअर गॅपमधून वजा होते.

वादळाआधी माणसं उतरवली तर कमी ताकद चालते का?

काही प्रमाणात, हो. मेक्सिकोच्या आखातात चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते, माणसं हलवतात, म्हणून अशा प्लॅटफॉर्मना थोडी सवलत असते. उत्तर समुद्रात हिवाळी वादळं एकामागोमाग येतात, तिथे लोक प्लॅटफॉर्मवरच थांबतात, त्यामुळे ही सवलत नाही. आणि माणसं उतरवली तरी विहिरी तिथेच राहतात. त्या आपोआप बंद होणाऱ्या झडपांनी सुरक्षित नसतील, किंवा कोसळणारा डेक शेजारच्या पाइपलाइनवर जाणार असेल, तर रिकाम्या प्लॅटफॉर्मलाही माणसं असल्यासारखंच तपासावं लागतं.